पगारे काकूंचा काठ

पगारे काकू चालताना समोर बघतच नसत. नजर कायम ओढ्याच्या काठावर. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर आमच्या कॉलनीमागचा तो ढासळता काठ सावरायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. निर्गुडीची फांदी घ्यायची, ओल्या मातीत तिरकी खोचायची. मधे करवंद, धायटी. कोणी गुलमोहर सुचवला की म्हणत, "झाडं फोटोला बरी. मातीला झुडूपच लागतं."

मी बादली घेऊन त्यांच्यामागे जायचे. मला बोलायला सुचत नसे आणि त्यांचं त्यावाचून अडत नसे. "गप्प असतेस ते बरंय, मुनिया उडत नाहीत," असं चिडवत. करवंदीच्या जाळीत मुनियांनी घरटी केली होती.

पावसाळ्यातल्या एका रविवारी कॉलनीतल्या मुलांनी स्वच्छता मोहीम काढली. काकू प्रमुख पाहुण्या. आम्ही पोचलो तर निम्मा काठ उघडा. काकूंची झुडपं रान समजून उपटलेली आणि त्यांच्या जागी लोखंडी जाळ्यांसकट गुलमोहराची रोपं. सोसायटीच्या अध्यक्षांनी काकूंना शाल घातली, नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. मला तिथे उभं राहवेना.

काकूंनी एवढंच विचारलं, "उपटलेलं कुठं टाकलंय?"

ढीग गेटपाशी घंटागाडीची वाट बघत होता. काकूंनी शाल जमिनीवर पसरली आणि निर्गुडीच्या फांद्या निवडून तिच्यात भरू लागल्या. शाल खराब होईल, असं अध्यक्ष म्हणाले. "होऊ द्या. पुढच्या सत्काराला दुसरी द्याल." मग मुलंही निवडायला बसली. एका मुलीच्या हाती ढिगातलं घरटं लागलं. ती रडवेली झाली. काकूंनी तिच्या हातात फांदी दिली. "सॉरी नंतर म्हण. आधी ही खोच, ऊन चढतंय."

करवंदी गेल्या त्या गेल्याच. निर्गुडी मात्र दुपारपर्यंत पुन्हा काठावर उभी होती. प्रत्येक फांदीपाशी काकू टाचेने माती दाबत पुढे सरकत होत्या.

गेल्या वर्षी काकू गेल्या. काठ टिकला आहे.

त्या रविवारी परतताना मी धीर करून विचारलं होतं, तुम्हाला राग नाही आला?

"आला ना, लय आला," त्या म्हणाल्या. "रागात टाच जोरात पडते. माती घट्ट बसली बघ."