एका माणसापुरतं ताट

तैवानात, आमच्या काओशुंगकडच्या गावात लुआनमावशीच्या हातचं जेवल्याशिवाय कुणाचं लग्न लागल्यासारखं वाटत नसे. रस्त्यात मांडव घालून शंभर टेबलांची पंगत उठवणारी ही बाई, आणि आम्ही सहाजणी तिच्या हाताखाली. पण हल्ली लग्नं हॉटेलात गेली. "टीव्हीवर गाजलो तरच लोक परत बोलावतील. नाहीतर धंदा बंद, तुम्ही दुसरं काम बघा," असं सांगून मावशी स्वयंपाकाच्या स्पर्धेत शिरली.

जुने सूत्रसंचालक चियुआजोबा होते तोवर सगळं सरळ होतं. चाखायचे, ढेकर द्यायचे, गुण द्यायचे. यंदा मध्येच त्यांना घरी बसवून दोन नवी पाखरं आणली: चमचमत्या कोटातला एक गायक आणि पेइशान नावाची काडीपैलवान पोरगी. आल्या आल्या यांनी नियम फिरवले. एकदा डोळ्यांवर पट्टी, एकदा दुसऱ्याच्याच कढया. मावशी तरीही तरली.

उपांत्य फेरीत गायकानं घंटा बडवली. "आज मदतनीस बाहेर! आणि ताट फक्त एका माणसाचं. जास्त केलं तर बाद!"

आम्ही मुकाट प्रेक्षकांत जाऊन बसलो. मावशीनं ओंजळभर चिकट तांदूळ घेतले, परत ठेवले, परत घेतले. शेवटी सवयीनं पातेलंभर ओतलेच. वर आख्खे खेकडे.

"अहो मावशी, एकाचंच!" गायक ओरडला.

"एकाला काय, नांगी चोखायला देऊ? लग्नातला पदार्थ आहे हा! एकट्याचं वाडगं आमच्यात मेलेल्याच्या पायाशी ठेवतात रे, मेल्या!"

मावशी बाद झाली. मी त्या गायकाला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका. रडूही आलं.

मावशीनं मात्र दिवेवाले, कॅमेरावाले, सगळ्यांना हाका मारून गरम भाताभोवती बसवलं. पेइशानही बसली. काडीपैलवान कसली, तीन वाडगी हाणली. मग हळूच म्हणाली, "मावशी, डिसेंबरात माझं लग्न आहे. हॉटेल ठरलंय, पण आईला पसंत नाही. तुम्ही स्वयंपाकाला याल?"

"आत्ता बाद केलंस नि लगेच आमंत्रण? बरी आहेस की! सासरची माणसं किती?"

"पुष्कळ. आणि सगळे खादाड."

मावशी आमच्याकडे वळली. "बघत काय बसलात गं? कुणी दुसरं काम शोधत असाल तर सोडा. डिसेंबरात कुणीही सुट्टी मागायची नाही."