सरकारच्या वकिलाची दोन पानं

माझे वडील तालुक्याच्या कोर्टात शिपाई होते. फाइल हातात आली की आधी वाचायची नाही, आधी पानं मोजायची, हे मी त्यांच्याकडून शिकले. पानाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने आकडा असतो. सतरानंतर एकोणीस आला, तर अठरा कुणाच्या तरी खिशात गेलं असं समजायचं. "माणसं खोटं बोलतात, आकडा बोलत नाही," असं ते म्हणायचे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे अभ्यास कसा करायचा हे सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. मी हेच घेऊन न्यूझीलंडला आले.

२०१४ चा हिवाळा होता, इथे तो जून ते ऑगस्ट. वेलिंग्टनला इतिहासाच्या पदवीचं माझं शेवटचं वर्ष चालू होतं आणि एक दीर्घ निबंध लिहायचा होता. तो चांगला झाला, तर मार्गदर्शक बाई ऑनर्सच्या वर्षासाठी शिफारसपत्र देणार होत्या. पत्र मिळालं तर शिष्यवृत्ती एक वर्ष वाढणार होती, नाही मिळालं तर डिसेंबरात परत घरी. घरी परतणं वाईट नव्हतं. पण गावात सगळ्यांना सांगून झालं होतं, की पोरगी अजून शिकणार आहे.

विषय मीच निवडला होता: सॉलिसिटर-जनरल या पदाचा इतिहास. राणीच्या नावाने चालणाऱ्या सरकारचा हा वरिष्ठ वकील. त्याच्या वरचा ऍटर्नी-जनरल मंत्री असतो, निवडणुकीबरोबर येतो आणि जातो. हा मात्र राहतो. एकोणिसाव्या शतकात काही वर्षं ऍटर्नी-जनरललाच राजकारणाबाहेर ठेवून पाहिलं, मग तो पुन्हा राजकारणात गेला आणि कायमपणा या दुसऱ्या पदाकडे आला. सरकारला कायदेशीर सल्ला द्यायचा आणि कोर्टात सरकारची बाजूही मांडायची, दोन्ही याच्याकडे.

मी फोनवर वडिलांना हे समजावलं.

"म्हणजे सरकारी वकील की," ते म्हणाले. "सरकार बदललं की बदलतो."

"इथला नाही बदलत, आण्णा. कायम असतो."

"कायम? मग तर जास्तच ध्यान ठेव. बदलणाऱ्याला निदान पुढच्याची भीती असती."

मी हसले, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. ज्याला सरकारनेच नेमलंय, तो सरकारला नाही कसा म्हणेल? आणि म्हणाला, तर ते बाहेर कुणाला कळणार? वकिलाचा सल्ला गुप्त असतो. पुस्तकात 'स्वतंत्र' हा शब्द आला, की मी बाजूला पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायचे.

जुने सरकारी कागद ठेवतात त्या वाचनकक्षात मी जायला लागले. टेबलामागे पांढऱ्या केसांच्या एक बाई बसायच्या. "किया ओरा" असा माओरी भाषेत नमस्कार करून फाइल द्यायच्या आणि मग माझ्याकडे बघत राहायच्या. शेजारी एक गोरे आजोबा जहाजांच्या याद्या चाळत असायचे, त्यांच्याकडे मात्र त्या बघायच्या नाहीत. दोन दिवस मी मान खाली घालून सोसलं. तिसऱ्या दिवशी त्या उठून माझ्याजवळ आल्या, तेव्हा काय बोलायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं.

"डिअर," त्या हळूच म्हणाल्या, "बोट जिभेला लावून पान उलटू नकोस. कागद खराब होतो."

मी जुळवलेली वाक्यं गिळली. बोट ओलं करून पान उलटणं हीसुद्धा वडिलांचीच सवय. मी माफी मागितली. तरी मनात म्हटलंच, आजोबांच्या बोटांकडे बघितलंय का कधी?

त्याच फाइलमध्ये मला ते सापडलं. एका मंत्र्याने सॉलिसिटर-जनरलला विचारलं होतं, की एका विधवेच्या शेतातून पाण्याचा चर खणायचाय, तिला नोटीस न देता खणता येईल का? हे एकेचाळीस नंबरचं पान. त्यानंतर सरळ चव्वेचाळीस. मंत्र्याला दिलेलं उत्तर नव्हतंच.

खोलीवर येऊन मी फोनमधले फोटो तीनतीनदा मोजले. बेचाळीस नाही, त्रेचाळीस नाही. मला खात्री झाली: सरकारच्या वकिलाने होकार दिला होता आणि नंतर ती पानं काढून घेतली होती. त्या आठवड्यात मी पूर्ण प्रकरण लिहून काढलं. 'ही पानं काढून टाकण्यात आली' असं लिहिलं, कुणी काढली ते लिहिलं नाही, पण वाचणाऱ्याला कळेल असं लिहिलं.

मार्गदर्शक बाई म्हणायच्या, मला नावाने हाक मार. ते मला जमायचं नाही, म्हणून मी हाकच मारायचे नाही. त्यांनी कच्चा मसुदा वाचला, चष्मा काढला.

"मूळ फाइल पुन्हा पाहिलीस?"

"माझ्याकडे फोटो आहेत."

"मी फोटोंबद्दल नाही विचारलं."

"आकडे स्पष्ट आहेत," मी म्हणाले. माझा आवाज जरा चढला असावा.

"तू एका माणसाला चोर म्हणतेयस. तो मेलाय, उत्तर द्यायला येणार नाही. शुक्रवारी अंतिम प्रत दे, मग पत्राचं बघू."

जिना उतरताना मला आठवलं, की बाई तरुणपणी सरकारी खात्यात वकील होत्या. म्हणजे त्याही त्यांच्यातल्याच. बसस्टॉपवर वाऱ्याने छत्री उलटी झाली. मी ती सरळसुद्धा केली नाही.

तरीही बुधवारी मी वाचनकक्षात गेले. खरं तर मला मार्गदर्शक बाईंना खोटं पाडायचं होतं. फाइल मागवली, एकेचाळीस नंबर उघडला आणि टेबलामागच्या बाईंना बोलावून दाखवलं.

"पानं गेलीत," मी म्हणाले.

त्यांनी वाकून पाहिलं. "मागची बाजू पाहिलीस का?"

मी पाहिली नव्हती. फोटोही काढला नव्हता. कारण सरकारी कागदाच्या मागे काय असतं ते मला माहीत होतं: आवक, जावक, कुणाला दिलं, कुणी नेलं. ते शेरे शिपाई आणि कारकून एकमेकांसाठी लिहितात. साहेबाचं म्हणणं पुढच्या बाजूला असतं. वडिलांचे असले शेरे मी लहानपणापासून पाहिले होते आणि कधीच वाचले नव्हते.

बाईंनी पान उलटलं. मागे आडव्या, बारीक अक्षरात लिहिलं होतं, की पुढची दोन पानं ज्या खात्याने सल्ला मागितला त्या खात्याच्या फाइलला जोडली आहेत. खाली त्या फाइलचा क्रमांक, आणि कुणा कारकुनाच्या नावाची दोन आद्याक्षरं.

"सल्ला ज्याने मागितला, त्याचा असतो," त्या म्हणाल्या. "म्हणून कागद त्याच्याकडे जातात. नेहमीचंच आहे. ती फाइल आणू?"

दुपारी ती आली. बेचाळीस, त्रेचाळीस. सरकारच्या वकिलाने मंत्र्याला लिहिलं होतं, की नोटिशीशिवाय जमिनीला हात लावता येणार नाही. मंत्रिमहोदयांना घाई असली तरीही नाही. त्यात नाही हा शब्द दोनदा होता.

मी तो कागद बराच वेळ समोर ठेवून बसले. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. मला तो माणूस चोर हवा होता, हे त्या टेबलावर मला कळलं. संध्याकाळी मी प्रकरण पुसलं आणि दोन दिवसांत नवं लिहिलं. आधी मी काय समजले होते आणि का, तेही तळटीपेत घातलं. ती टीप लिहिताना फार लाज वाटली.

शुक्रवारी मार्गदर्शक बाईंनी तळटीप पहिली वाचली. मग खणातून एक पाकीट काढलं.

"हे महिनाभरापूर्वीच लिहून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "मागच्या आठवड्यातला मसुदाच पुन्हा आला असता, तर फाडलं असतं."

पत्र मिळालं म्हणून वडिलांना फोन केला आणि सगळी हकिकत सांगितली. ते खूश झाले, आईला हाक मारली, शेजाऱ्यांनाही ओरडून सांगितलं. मग म्हणाले, "कारकुनानं लिहिलं व्हतं म्हन की मागं. आन तू वाचलं न्हाईस?"

"नाही, आण्णा."

"माझंबी न्हाई वाचलंस कधी," ते हसत म्हणाले. मग विचारलं, "बरं, वकील नको म्हनला. मग मंत्र्यानं चर खनला का न्हाई?"

"ते कागदात नाही."

"मागं बघितलंस?"

"या वेळी बघितलं. नाही."

"मग जाऊन जमीन बघ की. पानी तर कागद बघून वाहत न्हाई."

पुढच्या रविवारी मी किनाऱ्याने जाणाऱ्या गाडीत बसले आणि फाइलमधल्या नकाशावरून ती जागा शोधली. कुंपणापलीकडे मेंढ्या होत्या. शेताच्या मधून एक चर गेला होता, अगदी सरळ, जुना, काठावर गवत माजलेलं. पाणी वाहत होतं. तो कुणी खणला आणि त्या विधवेला आधी विचारलं का, हे त्यावर लिहिलेलं नव्हतं. मी थोडा वेळ उभी राहिले, मग पलीकडच्या बाजूनेही बघून आले.