टाकीच्या तोंडाशी बसणारा जब्बारभाई

जब्बारभाईसारखा कटकट्या माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. त्याच्या कटकटीमुळेच मी आज जिवंत आहे, हे आधीच कबूल करतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही मला कृतघ्न म्हणाल.

तो मूळचा पारोळ्याचा. घरी जैनबभाभींशी उर्दू, आम्हा रंगाऱ्यांशी अहिराणी. तीस वर्षं त्यानं दारं, ट्रक, टाक्या रंगवल्या आणि रोज संध्याकाळी थिनरनं हात धुतले. आमच्यात सगळेच धुतात. थिनरनं रंग चटकन सुटतो, साबणानं कोण घासत बसणार? पन्नाशीला त्याचे हात थरथरायला लागले. चहाचा कप बशीत वाजायचा. डॉक्टर म्हणाले, थिनर कातडीतून आणि श्वासातून अंगात भिनलंय, आता ब्रश सोडा. त्यानं ब्रश सोडला, पण आम्हाला काही सोडलं नाही.

आमचा ठेकेदार जीवराम त्याला टाकीच्या तोंडाशी बसवायचा. बंद टाकीत कोणी रंग देत असेल तर बाहेर एक जण हवाच, आणि त्यानं दुसरं कुठलंही काम करायचं नाही, ही जब्बारभाईचीच अट. मग सुरू व्हायचं: पट्टा बांध, दोर बघ, मास्क घट्ट कर, डब्यावर झाकण ठेव, बिडी तिकडे लांब, हात तेल लावून साबणानं धू. मी गालात गुळाचा खडा धरून ऐकायचो. गूळ खाल्ला की रंगाचा वास बाधत नाही, असं आम्ही सगळे मानायचो.

"गूळ पोटमां जास भो, वास छातीमां जास," तो चिडून म्हणायचा.

सगळ्यात वैताग त्याच्या परीक्षेचा. दर पाच मिनिटांनी वरून आवाज यायचा, "हेमराज, जयगावथीन धुयाले जावानं शे. रस्तावरला गावे सांग!" आणि मी, दोन लेकरांचा बाप, टाकीच्या तळातून जळगाव-धुळे रस्त्याचा पाढा म्हणायचो: पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे. कारखान्यातले लोक हसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गेल्या एप्रिलमध्ये जळगावच्या एमआयडीसीत एक टाकी आतून रंगवत होतो. ताजी हवा आत सोडणारा ब्लोअर चालू होता. उकाडा असह्य झाला म्हणून मी मास्क हनुवटीवर ओढला. गालात गूळ होता, मग भीती कसली? तेवढ्यात लाईट गेली आणि ब्लोअर थांबला.

"बाहेर ये!" जब्बारभाई ओरडला.

हातभर पट्टी रंगवायची राहिली होती. म्हटलं, दोनच मिनिटं. त्यानं लगेच गावं विचारली.

"पारोळा," मी म्हणालो, "मग पाळधी, मग..." आणि मला हसूच फुटलं. थिनरची वाफ तळाशी साठते आणि दारूसारखी चढते, आणि ती चढली का हेच तो गावं विचारून बघायचा, हे मला नंतर कळलं. त्या घडीला एवढंच वाटलं की हा म्हातारा मला काम करू देत नाही. कमरेचा दोर ताणला गेला तसा मी त्याला शिव्या, आमच्या बोलीत 'गाया', हासडल्या. वर, तो माझ्यावर जळतो असं सुनावलं, "तुना हात गयात, म्हनीसन मना हातवर जयस तू!"

पुढचं मला माझ्या जोडीदारानं, निंबानं सांगितलं. मी एकदम गप्प झालो तसा तो आत उतरायला धावला. जब्बारभाईनं त्याची कॉलर धरली. "तू उतरना ते दोन जन पडतीन. दोर वढ!" दोघांनी कप्पीवरून मला वर काढलं. दोरानं जब्बारभाईचे तळहात सोलून निघाले.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. दोन दिवस डोकं ठणकत होतं. उशाशी माझी लेक ऋतिका बसलेली. तिच्याकडे बघितलं की तिचा बाप वाचवणारा जब्बारभाई आठवायचा, आणि मी त्याला काय बोललो ते आठवून रडू यायचं.

तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. जैनबभाभी त्याच्या तळहातांना मलम लावत होत्या. मी सरळ पाय धरले. म्हणालो, भाई, माझ्या तोंडून नको ते गेलं.

"तू मले गाया दी राहिंता तवलगून मी निवांत व्हतू," तो म्हणाला. "गाया देस म्हंजे मानूस जित्ता शे. तू चूप व्हयना ना, तवय मी घाबरनू."

त्याचा थरथरता हात दोन्ही हातांत घट्ट धरून मी रडत बसलो. शेवटी भाभीच म्हणाल्या, अरे बाबा, सोड तो हात, मलम तरी लावू दे.