व्हर्ना स्टकीने मारलेली काट

आमच्या इंडियानातल्या या छोट्या कॉलेजात बास्केटबॉलच्या गुणांची वही एकतीस वर्षं व्हर्ना स्टकीने लिहिली. सकाळी शाळेची बस चालवायची, सामन्याच्या संध्याकाळी मैदानाकडेच्या टेबलाशी माझ्या शेजारी येऊन बसायची. घड्याळ माझ्याकडे, वही तिच्याकडे. लिहायची शाईने. जीभ अशी तिखट की पंचसुद्धा विचारल्याशिवाय वहीत डोकावत नसत.

हंगामातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना शेवटच्या वर्षाच्या पोरांचा असतो. आईबापांसोबत ती मैदानात येतात, आणि चार वर्षं बाक झिजवलेला पोरगाही त्या दिवशी पहिल्या पाचांत उतरतो. मिनिटभराने काढा हवं तर. यंदा तो पोरगा होता लीवाय ब्रिनेगर. त्याचा बाप नाकात ऑक्सिजनची नळी घालून पहिल्या रांगेत बसला होता. पोराला खेळताना बघायची त्याची ही शेवटची संधी, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

पहिली पाच नावं दहा मिनिटं आधी वहीत द्यावी लागतात. नवा कोच हेवरकँप याने लीवायचं नाव दिलं. फुलं झाली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग हा गृहस्थ टेबलाशी आला.

"व्हर्नाबाई, ब्रिनेगरच्या जागी आपला नेहमीचा सेंटर लिहा. आज जिंकलो तर कॉन्फरन्सचं विजेतेपद आपलं."

"वेळ गेली. आता बदललंस तर टेक्निकल फाऊल. एका गुणाचा फ्री थ्रो त्यांना."

"कोण बघतंय?"

"मी बघतेय! लाज नाही वाटत? फोटोपुरता हवा होता होय रे पोरगा?"

"कर की गं," मी मध्येच तोंड घातलं. "एका नावाने काय आभाळ कोसळतंय?"

"तू घड्याळ सांभाळ," ती खेकसली.

तिचा हिशोब सरळ होता. फाऊलला भिऊन तरी हा पोराला खेळवेल. पण हेवरकँप म्हणाला, "मग लिहा फाऊल." लीवाय मधल्या वर्तुळात जाऊन उभा होता. त्याला हाताने खुणावून परत बोलावलं, भरल्या स्टेडियमसमोर. व्हर्नाने त्याच्या नावावर काट मारली तेव्हा पेन कागदात रुतलं. समोरच्यांनी फ्री थ्रो घातला, आणि आम्ही बरोबर एका गुणाने हरलो.

"म्हातारीच्या पेनाने घालवली!" लोक ओरडले. कोचला कोणी जाब विचारला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्यातली निम्मी माझ्यावरच होती; मीही कोचचीच री ओढली होती.

लीवाय टेबलाशी आला. अंगावर अजून कोरडी जर्सी.

"गुपचूप बदललं असतंत तर मी बाकावर बसलो असतो, रोजच्यासारखा. आता बाबांना काय दिसलं? मला हाकललेलं. वर माझ्यामुळे हरलो."

"मी तुझ्यासाठीच भांडले रे," व्हर्ना म्हणाली.

"मला विचारलंत?"

खाली सही न करताच व्हर्नाने वही मिटली. एकतीस वर्षांत हे मी पहिल्यांदा पाहिलं. पलीकडे हेवरकँप कॅमेऱ्यासमोर सांगत होता की ही सगळी पोरं त्याला स्वतःच्या मुलांसारखी आहेत.