एकूणएक जंतू
पेपरमिंटचा वास आला की नाशिकच्या आमच्या मुलींच्या शाळेत टूथपेस्ट विकायला आलेले ते गृहस्थ आठवतात. मी मळ्यातली, राखुंडीने दात घासणारी मुलगी. माझ्याच दातांवरचं किटण त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि वळवळणारे जंतू साऱ्या वर्गाला हसत हसत दाखवले. "ही पेस्ट एकूणएक मारते," ते म्हणाले. मी तिथेच त्यांच्या पेस्टने दात घासले आणि पुन्हा किटण काढून पाहिलं. "कमी झालेत, पण जिवंत आहेत," मी मोठ्याने म्हणाले, "आता तुमच्या दातांचं बघू!" त्यांनी सूक्ष्मदर्शक उचलून पेटीत भरला. "माफी माग," बाई ओरडल्या. मी मागितली नाही, शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात उभी राहिले. आता मीही पेस्टच वापरते, पण ती माफी अजून मागितलेली नाही.