पोस्टरवरची पाठ

सिनेमाच्या गर्दीत उभं राहणं हाच त्याचा धंदा. रंग काळाकुळकुळीत, अंगानं धिप्पाड, म्हणून सेटवर सगळे त्याला 'डांबर' म्हणत. हमाल, दरोडेखोर, मालकामागे पंखा हलवणारा नोकर, असली कामं त्याला न मागता मिळायची. बायको म्हणायची, "अहो, पडद्यावर एकदा तरी तोंड उघडा. घरात तर मिटत नाही."

मग गुलामगिरीवरचा मोठा सिनेमा निघाला आणि डांबरला चक्क संवाद मिळाला. काम मळ्यावरच्या गुलाम बापाचं; त्याची पोर विकायला काढतात, तेव्हा तो म्हणतो, "तिला नको, मला विका." एवढंच. पण घरात जणू लग्नघाई. भांडी घासताना तो तेच घोकायचा. मुलगी अभ्यास टाकून फर्मावायची, "बाबा, अजून एकदा!"

गुलामांचा पुढारी झालेला नायक होता गोरापान. रोज सकाळी त्याला आरशासमोर बसवून काळा रंग फासत. डांबर जवळ गेला तर मेकअपवाला म्हणाला, "तू जा. तुझं काम देवानंच उरकून ठेवलंय." सगळे खिदळले. डांबरही हसला. संवाद अजून व्हायचा होता.

फटक्यांच्या दृश्यासाठी रबरी चाबूक आणला होता. दिग्दर्शकाला तो पटेना. "खोटं वाटतंय. लोक रडले पाहिजेत." मग कुठून तरी चामड्याचा आला. त्यानं डांबरला विचारलं, "चालेल ना रे?"

"पाठीवर मारा साहेब, पोटावर मारू नका."

"वा!" दिग्दर्शक लेखकाकडे वळला. "हे नायकाच्या तोंडी घाल."

पाठीची सालटी निघाली. मेकअपवाला कापूस घेऊन धावला, तर दिग्दर्शकानं त्याला दटावलं, "पुसू नकोस." दुसऱ्या दिवशी डांबरनं अंगात ताप असताना आपलं वाक्य म्हटलं. दिग्दर्शक 'छान' म्हणाला.

सिनेमा लागला तेव्हा आई, बायको, मुलगी सगळ्यांना घेऊन तो गेला. तो प्रसंग आला. पडद्यावर डांबरची रक्ताळलेली पाठ दिसली. पोरीला ओढून नेत होते. तेवढ्यात बाजूनं नायक पुढे आला आणि म्हणाला, "तिला नको, मला विका." थिएटरात हुंदके फुटले. बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. तो समोरच बघत होता.

आईला नीट दिसत नव्हतं. तिनं विचारलं, "तू कधी येणार रे?"

"येऊन गेलो, आई."

पोस्टरवर तीच पाठ छापली. भिंतीभिंतीवर लागली. शाळेत मुलं मुलीला 'गुलामाची पोर' म्हणू लागली.

"बाबा, तुम्ही उलटून का नाही मारलंत?"

"ते खोटं असतं गं."

तिनं त्याचा सदरा वर केला आणि वळांवर बोट ठेवलं. "आणि हे?"

त्यानं सदरा खाली ओढला. पुढच्या सिनेमाचं बोलावणं आलं, तेव्हा त्यानं नाही म्हणून सांगितलं आणि एका गोदामात पोती वाहायचं काम धरलं.

पहिल्याच दिवशी त्यानं सदरा काढला आणि मुकादमाचे डोळे विस्फारले. "अरे, तू तोच ना? फार रडलो रे मी तुझ्यासाठी!"

मग त्यानं दोघा गड्यांना हाक मारली आणि कोपऱ्यातली सगळ्यात जड पोती डांबरच्या पाठीवर द्यायला सांगितली.