कढईत न फुगलेलं विश्व

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी एकदा अख्खं विश्व तळायला काढलं होतं. तेही सासरवाडीला, पेणला, मेव्हणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. हसू नका, आधी ऐका.

नव्वदचं दशक संपत आलेलं. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, गणपती घडवणारे. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे धाकट्या लताचं कन्यादान थोरल्या दोघींपैकी एकीने नवऱ्याबरोबर करायचं ठरलं होतं. थोरला जावई मी! मान कुणाचा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण अण्णा काही बोलेनात.

आणि मुंबईहून उतरले आमचे साडू, अविनाशराव. कॉलेजात फिजिक्स शिकवतात. मी रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करणारा माणूस. ते आले की घरात कपबश्यासुद्धा बदलतात हो! मला कानतुटका कप, त्यांना बशीसकट नवा. जळणार नाही तर काय करणार?

दुपारच्या चहाला त्यांनी न्यूट्रिनो काढला. म्हणे हा कण आपल्या अंगातून आरपार जातो, पत्ताही लागत नाही. त्याला वजन आहे, हे आत्ता कुठे कळलंय, पण ते भरेल असा तराजू नाही. मग आकाशातल्या दीर्घिकांचे पुंजके बघायचे. न्यूट्रिनो जितका जड, तितके पुंजके कमी जमतात, त्यावरून वजन ताडायचं. त्यात विश्व म्हणे दिवसेंदिवस जास्तच जोरात फुगतंय, कुठलीतरी न दिसणारी ताकद त्याला ढकलतेय.

अण्णा माना डोलावत होते, पण चेहरा कोरा. म्हटलं, हीच संधी.

"अण्णा, सोप्पं आहे," मी म्हणालो. "पापडात खार दिसतो का? नाही. पण तळल्यावर किती फुगला त्यावरून खार किती पडला ते कळतं. विश्व म्हणजे पापड, न्यूट्रिनो म्हणजे खार!"

अण्णांचा चेहरा असा उजळला म्हणता! म्हणाले, "व्हय, आता समजला."

पण साडू गप्प बसतील तर ना. "उपमा बरी आहे," ते हसून म्हणाले, "पण तेल किती तापलंय ते आधी कळायला हवं. ती ढकलणारी ताकद म्हणजे तुमचं तेल. नाहीतर पापड खाराने फुगला की तेलाने, ठरवणार कसं?"

झालं. माझा पापड, आणि भाव खाऊन गेले हे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, थांबा, करूनच दाखवतो. आत आचाऱ्याची कढई तापलेली होतीच. मागच्या अंगणात सुपांमध्ये पापड वाळत होते. त्यातला चांगला मोठा, गोल गरगरीत, काळी मिरी दिसणारा पापड उचलला, सगळ्यांना कढईभोवती बोलावलं आणि दिला सोडून.

पापड बुडाला. टण्‌कन आवाज आला.

आम्ही सगळे वाकून बघतोय. विश्व काही फुगेना. वर फक्त रंगाचे बुडबुडे.

"जावयबापू," अण्णा शांतपणे म्हणाले, "तो शाडूचा हाय. रुखवताचा."

आता मला काय माहीत? खाडीच्या हवेने खरे पापड सादळतात, मुंग्या लागतात, म्हणून अण्णांनी रुखवतासाठी मातीचे पापड घडवले होते, मिरीचे ठिपकेसुद्धा रंगवून. आचाऱ्याला तेल ओतून द्यावं लागलं. अविनाशराव हसले नाहीत, याचा मला जास्त राग आला.

बायको, सुमन, मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, अण्णांनी तुमच्यासाठीच सोवळं आणून ठेवलं होतं. चहा झाला की देणार होते. आता म्हणतात, होमाजवळ याला कसा बसवू?"

दुसऱ्या दिवशी ते सोवळं नेसून कन्यादानाला साडू बसले. मला काम दिलं रुखवताशेजारी उभं राहायचं. तिथे तो तळलेला पापड मांडलेला. रंगाला फोड आल्याने सगळ्यांत खरा तोच दिसत होता.

वरपक्षाकडचे एक म्हातारे बघायला वाकले. मी घाईघाईने म्हणालो, "पाव्हणं, खाऊ नका हां, मातीचा आहे."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"रुखवतातला पापड कोण खातो?" ते म्हणाले. "एवढं काय येडं समजलात आमाला?"